आवारात सापडणारे बदामाचे आकार : मुलांकडून काय आणि कसं करून घ्यावं?

अबोली
नमस्कार. आमच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीत ७ ते ११ वयाच्या २०-२२ मुलांसाठी एक उपक्रम ठरतोय. पहिल्या सकाळी आवारात, रस्त्याकडेला आणि घरात बदामाच्या (पत्त्यांतल्या बदामाच्या) आकाराच्या वस्तू शोधायच्या, दुसऱ्या सकाळी त्यातून रंगीत, हसरं काहीतरी करायचं. एकेक भेटकार्ड आणि सगळ्यांचं मिळून भिंतीवर लावायचं एक मोठं चित्र, असं डोक्यात आहे. दोन्ही सकाळी दोन-दोन तास मिळतील, मध्ये आठवडाभराचं अंतर ठेवता येईल.

आवारात पिंपळ आहे, कुंपणावर गुळवेल आहे, कुंड्यांमध्ये तण भरपूर. कोणती पानं दाबून टिकतात, कोणती काळी पडतात? पिंपळपानाची जाळी मुलांना दाखवायची आहे, ती खात्रीने कशी काढायची? आणि पानांव्यतिरिक्त काय शोधायला सांगता येईल? अनुभवी मंडळींनी नेमकं सांगावं.

रानवाट
ऑक्टोबर-नोव्हेंबर या कामासाठी उत्तम. पाऊस संपलेला, पानं पक्व झालेली आणि दसरा नुकताच होऊन गेलेला.

आधी मुलांना दोन प्रकारचे बदाम ओळखायला शिकवा, म्हणजे त्यांची नजर पटकन बसते. पिंपळ, गुळवेल, नागवेल, पारोसा पिंपळ (ज्याला किनाऱ्याकडे भेंडी म्हणतात) या पानांची खाच देठाशी असते आणि टोक दुसऱ्या बाजूला. म्हणजे देठ वर धरला की बदाम दिसतो. आंबुशीचं उलट आहे. तिच्या एका पानाला तीन पर्णिका (छोटी उपपानं), प्रत्येकीची खाच बाहेरच्या कडेला आणि तिन्हींची टोकं मध्ये देठावर जुळलेली. सेंटिमीटरभराचे तीन अगदी रेखीव बदाम एकाच काडीवर! कुंडीतलं तण म्हणून रोज उपटून टाकलं जातं ते हेच. मुलांना भिंग देऊन दाखवा.

टिकण्याच्या दृष्टीने:

गुळवेल सर्वांत सोपी. पान पातळ असतं, टिपकागदात ५-६ दिवसांत वाळतं, हिरवा रंग बऱ्यापैकी राहतो.

आंबुशी तोडल्यावर काही मिनिटांतच पर्णिका मिटवते, मग त्या उघडत बसलं की फाटतात. म्हणून जुनी जाड वही कुंडीपाशीच न्यायची, तोडायचं, बोटाने पर्णिका पसरायच्या आणि लगेच वही मिटायची. कडक ऊन चढल्यावर त्या आपोआप खाली झुकतात, तेव्हा हे काम सकाळी सकाळीच उरका.

नागवेलीचं पान दाबू नका. ते मांसल असतं, पाणी सुटून काळं पडतं आणि कागदाला डाग देतं. ते ठशांसाठी ठेवा.

आपट्याची पानं दसऱ्यानंतर घरोघरी असतात. वर खाच सुंदर, पण खाली टोक नाही, गोलाई आहे. पान ताजं असतानाच खालच्या दोन्ही बाजू मागे दुमडून देठाशी आणा आणि तसंच दाबा. टोक येतं आणि घडी कायम राहते. वाळल्यावर दुमडलंत तर तुकडा पडेल.

आणि सगळ्यात आनंदाची चीज म्हणजे कपाळफोडी. कुंपणांवर, पडीक जागी चढणारी बारीक वेल, तिला कागदी फुग्यासारखी तीनधारी फळं लागतात. याच दिवसांत ती वाळून तपकिरी होतात. फुगा फोडला की आत तीन कप्पे, बहुधा प्रत्येकात एक काळी गोल बी, आणि त्या बीवर पांढरा स्वच्छ बदाम! रंगवल्यासारखा दिसतो, पण बी जिथे फळाला चिकटलेली असते तिथलीच ती खूण आहे. हिरवा फुगा तोडू नका, आतली बी कच्ची असते आणि वाळली की सुरकुतते.

एक काळजी घ्या. कुंपणांवर गुंजेची वेलही असते. लाल-काळी गुंज विषारी आहे, ती मुलांच्या पिशवीत येता कामा नये. आणि वनस्पती कुठलीही असो, तोंडात घालायची नाही, हे फेरीच्या आधीच सांगा.

शिरांचा जाळा
पिंपळाच्या जाळीबद्दल. वहीत ठेवलेल्या पानाला आपोआप जाळी पडते असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण कोरड्या वहीत पान फक्त तपकिरी आणि ठिसूळ होतं. शिरांमधला मऊ गर निघायला ओल आणि जिवाणू लागतात, नाहीतर अल्कली. म्हणून रीती दोनच.

पाण्याची रीत. पूर्ण वाढलेली, किडीने न खाल्लेली पानं घ्या. कोवळी तांबूस पालवी अजिबात नको, तिच्या शिरा कच्च्या असतात आणि गराबरोबर त्याही जातात. बादलीत पानं बुडवून वर ताटली आणि दगड ठेवा. वास येतो, त्यामुळे बादली बाहेर. पाणी रोज बदलू नका, गर कुजवणारे जिवाणू त्यातच असतात. बादलीवर जाड कापड ताणून दोरीने घट्ट बांधा, उघड्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. साधारण ३ ते ४ आठवडे लागतात. बोटांनी हलकं चोळल्यावर पानाची साल सरकली की झालं. तुमच्या वेळापत्रकात हे बसवायचं तर दसऱ्याच्याही आधी पानं भिजत घाला.

सोड्याची रीत. १ लिटर पाण्याला ४ मोठे चमचे धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा सौम्य असतो, त्याने तासन्‌तास उकळूनही गर नीट सुटत नाही. भांडं स्टीलचंच हवं. ॲल्युमिनियमवर सोड्याची क्रिया होते, भांडं खराब होतं आणि पानंही काळवंडतात. मंद आचेवर १ ते २ तास. खळखळून उकळलंत तर पानं एकमेकांवर आपटून फाटतात. पाणी आटलं की गरम पाणीच घाला. हे काम मोठ्यांनी, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून करायचं.

पुढचं दोन्हीकडे सारखंच, आणि पानं फाटतात ती इथेच. पान उचलताना हातात लोंबकळू द्यायचं नाही. पसरट ताटात इंचभर पाणी घ्या, पान एका काचेवर किंवा प्लास्टिकच्या झाकणावर ठेवून पाण्याखालीच ठेवा. जुना मऊ टूथब्रश किंवा रंगाचा गोल ब्रश घेऊन मधल्या शिरेपासून कडेकडे जा. मागेपुढे घासायचं नाही, ब्रशने फक्त टपटप करायचं. आधी पाठीची बाजू, मग पान उलटून दुसरी. शेपटीसारखं लांब टोक सर्वांत शेवटी, कारण तुटतं ते नेहमी तेच. गर एका जागी हटून बसला असेल तर जोर लावू नका, पान परत पाण्यात दोन दिवस किंवा सोड्यात वीस मिनिटं.

जाळी पांढरी हवी असेल तर कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच १ भाग, पाणी १० भाग. ५ मिनिटांपासून बघत राहा, हवा तसा रंग आला की लगेच काढून दोन-तीन पाण्यांतून धुवा. जास्त वेळ राहिली तर शिराच विरघळायला लागतात. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं आम्ल किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

वाळवताना टिपकागद किंवा जुना सुती पंचा. वर्तमानपत्र नको, ओल्या जाळीला शाई लागते. अर्धवट ओली असतानाच वजनाखाली ठेवा, पूर्ण वाळून वळलेली जाळी सपाट करायला गेलं की मोडते.

अबोली
अप्रतिम माहिती, दोघांचेही आभार. म्हणजे जाळी आधी तयार करून ठेवायची आणि मुलांनी फक्त रंगवायची असंच करावं लागेल. रंग कोणता? आणि दोन तास मुलं नुसती पानं चिकटवून कंटाळणार नाहीत ना?

ठसेवाली ताई
मुलांना हात बरबटू द्या, कंटाळा येत नाही. माझं मत असं की जाळी हे बघायचं आश्चर्य आहे, सात वर्षांच्या हाताला ती झेपत नाही. चार-पाच जाळ्या मध्ये ठेवा, ब्रश भिजवून पातळ जलरंग सोडायला मोठ्या मुलांना द्या. दाट पोस्टर कलर लावलात तर छिद्रं बुजतात आणि जाळीची मजाच जाते.

बाकीच्यांना ठसे. आणि सर्वांत सोपा ठसा अंगठ्याचा. अंगठ्याला रंग लावून कागदावर तिरका टेकवायचा, मग दुसरा उलट्या बाजूने तिरका, दोघांची खालची टोकं एकमेकांवर चढली पाहिजेत. झाला बदाम. अंगठे उभे टेकवले तर नुसते दोन ठिपके दिसतात, साधारण ४५ अंश कल हवा. रंग बशीत ओतून त्यात अंगठा बुडवू देऊ नका, लगदा होतो. बशीत ओला स्पंज ठेवून त्यावर चमचाभर रंग पसरा, त्यावरून घ्यायला सांगा. पहिला ठसा नेहमी जाड येतो, तो रद्दी कागदावर टाकायचा. दुसऱ्या-तिसऱ्यात अंगठ्याच्या रेषा सुरेख उमटतात.

नागवेलीच्या पानाची पाठ वर करा, शिरा तिकडे उठावदार असतात. पान पुसून कोरडं करा, नाहीतर रंग थेंबाथेंबाने गोळा होतो. स्पंजने पातळ रंग थोपटा, पान रंगाकडून कागदावर ठेवा, वर रद्दी कागद आणि त्यावरून एकदाच लाटणं फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलं की पान सरकतं आणि ठसा दुहेरी येतो. एका पानाचे ८-१० ठसे निघतात.

बटाट्याचा ठसा करणार असाल तर कापलेली बाजू दहा मिनिटं फडक्यावर पालथी ठेवा. बटाट्याला पाणी सुटतं, त्याने रंग फुटतो. आकाराच्या बाजूचा भाग निदान ५ मिलिमीटर खोल कापा. सुरी मोठ्यांच्याच हातात.

मोठ्या चित्रासाठी बदाम नेमका काढायचा तर चौरस काढा, त्याला कोपऱ्यावर उभा करा आणि वरच्या दोन बाजूंवर एकेक अर्धवर्तुळ काढा. बाजू २ फूट घेतली तर बदाम सुमारे ३.४ फूट रुंद आणि ३.१ फूट उंच येतो. अर्धवर्तुळासाठी बाजूच्या मध्यावर सुतळीचं एक टोक धरायचं, १ फुटावर खडू. जमिनीवर रांगोळीसाठीही हीच रीत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ही भूमिती फार आवडते, त्यांना स्वतःच काढू द्या.

कवडसा
पानांपलीकडे शोधायचं तर सावल्या बघा. एक हमखास प्रयोग. जाड पुस्तक मधोमध उघडा, पानांच्या खाचेत अंगठी उभी करा. खोली अंधारी करून पुस्तकाच्या वरच्या कडेकडून, खाचेच्या रेषेत मोबाइलचा टॉर्च धरा. पलीकडे सावली पडते ती बदामाची! टोक खाचेत, अंगठीपासून दूर. पानं खाचेशी खाली उतरतात म्हणून तिथे सावली लांबवर जाते आणि दोन्ही बाजूंना चढणाऱ्या पानांवर ती लवकर अडते, त्यातून हा आकार येतो. टॉर्च उंच धरला तर बदाम बुटका, खाली आणला तर लांबट. एकच दिवा हवा. ट्यूबलाइट चालू असेल तर कडा पुसट होतात. साधी, खडा नसलेली अंगठी घ्या. बांगडी वापरू नका, पानांचा चढ तेवढ्या रुंदीला पुरत नाही आणि सावली नुसती लंबगोल दिसते. वाचनालयात पुस्तकांना तोटा नाही, गटागटाला एक द्या.

घरी शोधायला सांगा : उभी कापलेली स्ट्रॉबेरी, सफरचंदाची उभी फोड, चहाचा ओघळ, भिंतीचा पोपडा, सांडलेलं पाणी. हे टिकवता येत नाही, तेव्हा फोटो. फोटो बरोबर वरून, मोबाइल जमिनीला समांतर धरून काढायचा. तिरका काढला की एक पाळी मोठी, एक छोटी दिसते आणि सापडलेला बदाम हरवतो. शेजारी नाणं ठेवलं की आकारमान कळतं.

अबोली
अंगठीचा प्रयोग आत्ताच करून पाहिला, घरातले सगळे जमा झाले! शेवटची शंका : मोठ्या चित्रात पानं काय रचावीत? नुसती ओळीने लावली तर तक्ता वाटेल. आणि ती चिकटवायची कशाने?

रानवाट
प्राणी करा. पिंपळपान आडवं ठेवा : टोक म्हणजे शेपूट, देठाकडची बाजू तोंड, देठ कापून टाका आणि आंबुशीच्या दोन पर्णिका कान म्हणून लावा. उंदीर तयार. गुळवेलीची दोन मोठी पानं हत्तीचे कान. आपट्याची दोन पानं देठाला देठ लावून आडवी ठेवली की फुलपाखरू. नागवेलीच्या ठशाला टोकाकडे तोंड आणि डोळा काढला की दोन पाळ्यांची शेपटी आपोआप होते, मासा. डोळ्यांना कपाळफोडीच्या बिया, पांढरा बदाम समोर येईल अशा. मुलांना आधी पानं न चिकटवता कागदावर फिरवू द्या, अर्धा तास त्यातच जाऊ दे.

शिरांचा जाळा
चिकटवायला फेव्हिकॉल, पण पूर्ण पानाला फासू नका, ओलाव्याने पान सुरकुततं. काडीच्या टोकाने मधल्या शिरेवर ४-५ ठिपके आणि कडेला दोन. जाळीला फक्त मधल्या शिरेवर. बियांना ठिपका मोठा, आणि चित्र रात्रभर आडवंच राहू द्या, उभं केलं की बिया घसरतात. मागचा कागद निदान ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), नाहीतर गुंडाळी होते. काच लावणार असाल तर कडेने २-३ मिलिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी द्या, काच पानाला टेकली की पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. आणि समोरून थेट ऊन येणारी भिंत टाळा, वाळलेल्या पानांचा हिरवा रंग उन्हाने लवकर उडतो.