दगडी पाला मुंबईत जखमेवर लावावा का?

मालवणी_मालाडकर: परवा मुलगा आरेत सायकलवरून आपटला, गुडघा सोलवटला. मी सवयीने कडेचा दगडी पाला खुडला, तळहातावर चोळून रस पिळला. पोरगं कळवळलं, पण रक्त थांबलं. घरी आल्यावर बायकोने माझा जो उद्धार केला तो विचारू नका. गावाला कोयता लागला की आम्ही हेच करायचो. माझं म्हणणं, पोरांना हा पाला ओळखायला शिकवावा. (एकदांडी, कंबरमोडी म्हणतात तेच हे. लांब दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं, कडेला पाचेक पांढुरक्या पाकळ्या.)

दादर_पूर्व: मी वहिनींच्या बाजूने. गावच्या बांधावरचा पाला वेगळा आणि इथे गटाराकडेला, रुळांलगत उगवलेला वेगळा. पानं लवदार, धूळ धरून ठेवतात. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. रक्त थांबलं म्हणजे जखम साफ झाली असं नाही. त्यात पावसाळा. उघडी जखम घेऊन तुंबलेल्या पाण्यातून चाललात तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या तापाची) भीती, मग ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा असं महापालिका दरवर्षी कानीकपाळी ओरडते. तिथे पाला काय करणार?

बटव्यातलं: हजारो वर्षांच्या आयुर्वेदावर शंका घ्यायची फॅशनच झालीय.

दादर_पूर्व: अहो, ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. मिरची, पेरूसारखी बाहेरून आलेली. चरकांनी ती पाहिली कुठे?

रानभाजी_वेडी: मला तर यातच गंमत वाटते. ग्रंथातली नाही, म्हणजे शेतात राबणाऱ्या बायाबापड्यांनीच कधीतरी लावून पाहिली आणि गुण आला म्हणून ठेवली. उंदरांवर जखमा भरण्याचे प्रयोगही झालेत, अगदीच थोतांड नाही. पण काही जण साखरेवर याचा काढा पितात, तिथे मी हात जोडते. आमच्या सासऱ्यांनी महिनाभर गोळ्या सोडून काढा घेतला होता. शेवटी ॲडमिट करावं लागलं.

बटव्यातलं: काढ्याचं मी कुठे म्हटलं?

मालवणी_मालाडकर: रुळांलगतचा नको, मान्य. आधी नळाखाली धरावं, तेही मान्य. पण आरेतल्या त्या वळणावर नळ नव्हता हो.

दादर_पूर्व: सायकलला पाण्याची बाटली होती ना?

मालवणी_मालाडकर: होती. बायकोनेही हेच विचारलं.