इंटर्नशिपमधली तीन महिन्यांची ग्रामीण पोस्टिंग: खरंच जायचं की ‘मॅनेज’ करायचं?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. बीडीएसची (दंतवैद्यकाची पदवी) इंटर्नशिप चालू आहे, कॉलेज सोलापूर भागातलंच. पुढच्या महिन्यापासून कम्युनिटी डेंटिस्ट्री आणि ग्रामीण सेवेचे तीन महिने लागतील. आमच्या बॅचची परंपरा अशी की डिपार्टमेंटला तोंड दाखवायचं, शाळेतल्या शिबिरांना फोटोपुरतं जायचं आणि उरलेला वेळ लायब्ररीत नीट एमडीएसचे (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे) एमसीक्यू सोडवायचे. पण एका सरांनी सुचवलंय की तालुक्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात दंत विभाग आहे, तिथे रोज जा, परवानगीचं मी बघतो.

घरी बाबा म्हणतात, “फुकट राबायला कशाला जातोस? स्टायपेंड तरी वेळेवर येतोय का?” तो येत नाही, हे खरंच आहे. त्यात उन्हाळा, एसटीचा प्रवास, आणि तिकडे कन्नड बोलतात, माझं कन्नड शून्य. कॉलेजात आजवर जे दात काढले ते बहुतेक आधीच हलणारे. तिथे जाऊन काही शिकायला मिळतं, की नुसतं रजिस्टर भरायला बसवतात? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

डॉ_कडकभाकरी

जा. पण आधी एकदा नुसतं बघून ये. खुर्ची आहे का, कॉम्प्रेसर चालतो का, ऑटोक्लेव्हची (अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राची) चावी कुणाकडे असते, लिग्नोकेन (भूल द्यायचं औषध) शिल्लक आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथले दंतशल्यचिकित्सक स्वतः हाताने काम करतात का. खुर्चीवरचं प्लॅस्टिक अजून तसंच असेल तर तू रजिस्टरच भरणार बाबा, तिथून परत फीर. काही ग्रामीण रुग्णालयांत दंतवैद्याचं पद असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुतेक ठिकाणी खुर्चीच नसते, तिथे तपासणी आणि चिठ्ठी एवढंच होतं.

माझी पोस्टिंग अक्कलकोटच्या बाजूला होती. आता सोलापूर शहराच्या पूर्व भागात दवाखाना आहे, आणि रोज जे वापरते त्यातलं निम्मं तिथलं आहे. कॉलेजात आपल्याला “पुढच्या बुधवारी या” म्हणायची सवय लागते. रूट कॅनाल चार सिटिंगमध्ये, आणि मध्ये सरांची सही. तिथे पेशंट बाजाराच्या दिवशी वडापने (भरली की सुटणाऱ्या जीपने) आलेला असतो, पुन्हा येईल याची खात्री नाही. म्हणजे आज, या एका बसण्यात, आहे त्या सामानात काय करता येईल ते तूच ठरवायचं. काढायचा, भरायचा, की नुसतं औषध देऊन पुढे पाठवायचा? हे ठरवणं कुठल्याच पोस्टिंगमध्ये शिकवत नाहीत, आणि दवाखाना टाकल्यावर पहिल्या दिवसापासून लागतं.

एक आजोबा आठवतात. खालची दाढ ठणकत होती, रात्रभर झोप नाही. तोंड उघडायला सांगितलं तर खालच्या ओठात मळलेल्या तंबाखूची गोळी. “काढा आधी ती,” म्हटलं. त्यांनी ती बोटाने काढली, खिशातल्या कागदात नीट गुंडाळली आणि परत खिशात ठेवली. नंतर लागेल म्हणून! बीपी बघितलं तर १८० च्या वर. मुलगा म्हणतोय, “मॅडम, काढूनच टाका, परत येणं व्हत न्हाई.” आमच्या सरांनी दात काढला नाही. दुखणं थांबायची गोळी दिली, शेजारच्या खोलीत मेडिकल ऑफिसरकडे पाठवलं आणि मुलाला अर्धा तास समजावत बसले. सुई टोचायला चार मिनिटं लागतात, न टोचायला अर्धा तास.

आता कामाच्या गोष्टी. बायकांना “तंबाखू खाता का?” असं विचारू नकोस, उत्तर “नाही” येतं आणि ते त्यांच्या लेखी खरंही असतं. “दात कशानं घासता?” विचार. मग कळतं, मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड), आणि ती दिवसातून किती वेळा ते ऐकून तुझं तोंड उघडं राहील. गालाच्या आत, हिरडीच्या कडेला पांढरा चट्टा बघ, गॉजने पुसून बघ. पुसला जात नसेल तर केसपेपरवर लिही. दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर मलम देऊन घरी पाठवायचं नाही, पुढे पाठवायचं.

पोरांमध्ये मावा आणि गुटखा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुड्या मात्र कॉलेजच्या गेटबाहेर पडलेल्या तूही बघतोसच. पंचविशीतला मुलगा येतो, तिखट सहन होत नाही म्हणतो, भाकरीचा घास मोठा घेता येत नाही. तीन बोटं उभी जायला हवीत तिथे दोनही जात नाहीत. ‘तोंड कमी उघडते’ असं मोघम लिहू नकोस, पट्टी लावून वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिही. पुढच्या वेळी तो आला तर वाढलंय की घटलंय हे त्यालाच दाखवता येतं. मावा सोडायला माझ्या भाषणापेक्षा त्या पट्टीनेच जास्त लोक तयार झाले.

लहान मुलांचं वेगळंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा-अंगणवाडीत तपासून पोरांना चिठ्ठी देतं, ती तुझ्याकडे येतील. लाइट गेली की एअरोटर (दात कोरायचं यंत्र) बंद, पण एक्सकॅव्हेटरने (चमच्यासारख्या हत्याराने) मऊ कीड खरवडून ग्लास आयोनोमर (दात भरायचं सिमेंट) भरायला वीज लागत नाही. ही पद्धत टांझानियात १९८० च्या दशकात अशाच परिस्थितीसाठी बसवली गेली. आम्ही ती थिअरीत पाच मार्कांसाठी पाठ केली होती, हाताने पहिल्यांदा तिथेच केली. ग्लास आयोनोमर आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड (कीड थोपवायला वरून लावायचं औषध) दोन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. मात्र सिल्व्हर लावलेली कीड काळी पडते, ते आईला आधी सांग. एक आई मला म्हणाली, “काळा दात? शाळेत पोरं चिडवतील की ओ.” दुधाचा आहे, पडणार आहे, हे पटवलं तेव्हा कुठे हो म्हणाली. आधी न सांगता लावलं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली दारात!

शहरात शिबिर करायचं झालं तर विडी कामगार बायकांसाठी कर, त्यात तेलुगू बोलणाऱ्या बऱ्याच. पण दुपारी ओपीडीत बोलावू नका, त्या येत नाहीत. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, मध्ये उठल्या की विड्या कमी होतात. विड्या जमा करायला कारखान्यात येतात तेव्हा दाराशी टेबल टाका. आमच्या कॉलेजला हे पटवायला फार वेळ गेला, कारण बॅनर लावायला तिथे भिंत चांगली नव्हती!

अक्कलकोट_नाका

प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे, पलीकडच्या बाजूने सांगतो. इंटर्न येतात, ब्रश करायचं मॉडेल दाखवून जातात. चांगलंय, पण आम्हाला दुसरी मदत हवी असते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची असते. उपकेंद्रावरचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) टॉर्च घेऊन ती करतात, पण संशयास्पद चट्टा त्यांनी प्रत्यक्ष किती वेळा बघितलेला असतो? एक दिवस त्यांच्या शेजारी बसा आणि दोघं मिळून तोंडं तपासा. तेवढं केलंत तरी पुढच्या वर्षभराचं काम होतं.

चिठ्ठीवर ‘हायर सेंटर’ लिहू नका. पेशंट ती देवघरात ठेवतो. कुठे जायचं, कुठल्या खोलीत, कुठल्या वारी, बरोबर रेशनकार्ड आणि आधार घ्यायचं, हे सगळं लिहा. महात्मा फुले योजनेत उपचार बसतात हे निम्म्या लोकांना माहीत नसतं, आणि खर्चाच्या धास्तीने ते निघतच नाहीत.

कन्नडचं टेन्शन नको. “बायी तगीरी” एवढं म्हटलं की आजी हसतात, तोंड आपोआप उघडतं. बाकी आशाताई आहेतच.

एमसीक्यू_वीर

कडकभाकरी मॅडमचा आदर आहे, पण पोराच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला पाहिजे. नीट एमडीएसला २४० प्रश्न, चुकलं की मार्क कापतात, आणि ग्रामीण रुग्णालयातली तीन महिन्यांची सेवा रँकमध्ये कुठेच मोजत नाहीत. सेवाभाव वगैरे ठीक आहे, सरकारी सीट गेली तर खाजगी कॉलेजची फी कोण भरणार? मी स्वतः सकाळची ओपीडी केली आणि दुपारनंतर अभ्यास. ग्रामीण रुग्णालयात दुपारी गर्दी ओसरते, एसटीत मोबाइलवर प्रश्न सोडवता येतात. पूर्ण दिवस तिथे घालव असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नकोस. पण पूर्ण दांडी मारणाऱ्यांपैकी आमच्यातल्या दोघांना नंतर दवाखान्यात अक्कलदाढ बघून घाम फुटायचा, हेही खरं.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार. सोमवारी बघायला जातो. मॅडम, बरोबर काय न्यायचं? आणि तेलुगूचं काय?

डॉ_कडकभाकरी

एमसीक्यू_वीर म्हणतात तसं सकाळची ओपीडी कर, माझी काही हरकत नाही, मीही दुपारी झाडाखाली पुस्तक उघडायचेच.

तुझ्या मापाचे ग्लोव्हज घेऊन जा, तिथे एकाच मापाचे मिळतात. मिरर-प्रोबचे स्वतःचे दोन-तीन सेट, प्लॅस्टिकची पट्टी, चांगला टॉर्च. लॉगबुकवर सही रोजच्या रोज घे, महिनाअखेरीस साहेब मीटिंगला गेलेले असतात. हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का ते आजच तपास. राहिला असेल तर आधी तो घे, मग सुईला हात लाव. आणि सुईचं टोपण दोन हातांनी बसवायची सवय असेल तर सोमवारच्या आत सोड.

तेलुगू लागेल ती शहरातल्या शिबिराला. “नोरु तेरवंडी” (तोंड उघडा) पाठ कर, पुढचं त्या बायकाच मराठीत बोलतात.