क्लेमेंटाइनचं गाणं रडायचं की हसायचं? (आणि ‘ये है बॉम्बे’ आधीचं की हे?)

रामबागेतली_सून (इंदूर)

नमस्कार मंडळी. रविवारी पोहे-जिलबी पुढ्यात असताना आमच्या घरात एका इंग्रजी गाण्यावरून अबोला झाला. तो अजून सुटलेला नाही, म्हणून तुमच्याकडे आले आहे.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, वय ८१. नोकरी रेल्वेत, सुरुवातीची वर्षं महूला. (आता स्टेशनवर डॉ. आंबेडकर नगर लिहिलंय, पण अण्णांच्या तोंडात महूच.) तिथे एक अँग्लो-इंडियन गार्ड होते, मीटर गेजच्या गाडीवर खंडव्याकडे जायचे. त्यांनी अण्णांना माऊथ ऑर्गनवर एकच गाणं शिकवलं, ‘ओ माय डार्लिंग क्लेमेंटाइन’. तेव्हापासून अण्णा दुसरं काही शिकले नाहीत. लाइट गेली की गच्चीवर जाऊन हेच, आणि इतकं संथ की सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, “लागलं यांचं सुतक.” शब्द आम्हाला कुणाला धड माहीत नव्हते. कुणाची तरी मुलगी गेली त्याचं दुःख आहे, एवढंच अण्णांनी सांगितलेलं.

आता आमचा चिनू, चौथीत आहे, त्याला शाळेच्या गॅदरिंगला नेमकं हेच गाणं आलंय. हातवाऱ्यांसकट! बदकं चालवायची, मोठाले बूट घालून फताक फताक चालायचं, शेवटी स्टेजवर धप्पकन पडायचं आणि सगळ्यांनी हसायचं. त्याने आजोबांना करून दाखवलं. अण्णांनी माऊथ ऑर्गन कापडात गुंडाळून ठेवला नि म्हणाले, “अरे, बुडते ती. हसता काय?” चिनू म्हणतो, “आजोबा, मॅमनीच सांगितलंय हसायला.”

त्यात आमच्या धाकट्या जाऊबाईंनी काडी टाकली की ही चाल तर ‘ये है बॉम्बे मेरी जान’ची, अमेरिकनांनी आपल्याकडूनच उचलली असणार.

तर सांगा, आधी कुठलं? हे गाणं मुळात कुणाचं? आणि खरं कोण, अण्णा की चिनू?

जुनी_तबकडी (पुणे)

जाऊबाईंना सांगा, काडी ओली निघाली. ‘ये है बॉम्बे’ हे ‘सी.आय.डी.’ सिनेमातलं, आणि तो १९५६ चा. संगीत ओ. पी. नय्यर, शब्द मजरूह सुलतानपुरींचे, आवाज रफी आणि गीता दत्त यांचे. क्लेमेंटाइन त्याच्या सत्तरेक वर्षं आधी छापून झालं होतं. तोंडाने म्हणून बघा, ‘ओ-माय-डार-लिंग’ च्या जागी ‘ज-रा-हट-के’. चारास चार अक्षरं. पुढच्या ‘ओ-माय-डार-लिंग’ वर ‘ज-रा-बच-के’. नय्यरसाहेबांनी चाल घेतली, पण नेसवली अशी की मुंबईकर आजही ती आपल्याच गल्लीत जन्मली असं समजतो.

आता मूळ. १८८४ साली हे गाणं बोस्टनच्या ऑलिव्हर डिटसन कंपनीने छापलं, त्यावर नाव पर्सी माँट्रोझ. तिथून कॉलेजच्या पोरांच्या गाण्यांत शिरलं आणि मग कुणाच्याच मालकीचं राहिलं नाही. पण गोष्ट आहे १८४९ ची. २४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियात कोलोमा इथे सटरच्या लाकूड गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. बातमी पसरायला वेळ लागला, पण पुढच्या वर्षी जी झुंबड उडाली ती एवढी की त्या लोकांना ‘फॉर्टी-नाइनर’ हेच नाव पडलं. १८५५ पर्यंत सुमारे ३ लाख माणसं तिकडे पोचली होती. गाण्यातला बाप त्यांच्यातलाच एक, दरीत खाण खणणारा. म्हणजे छापील गाणं येईपर्यंत त्या धावपळीला ३५ वर्षं झाली होती. खाणीत खपणाऱ्याने नाही, मागाहून शहरात बसून कुणीतरी केलेलं हे गाणं आहे, असं माझं मत.

आणि सूनबाई, चिनूच्या मॅम बरोबर आहेत. शब्द नीट वाचा. ती परीसारखी हलकी, आणि पुढच्याच ओळीत तिचा बूट नऊ नंबरचा! बूट तरी कसले, हेरिंग माशांची झाकणं काढलेली खोकी पायात. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला बदकं पाण्यावर न्यायची, एक दिवस लाकडाच्या ढलपीला ठेच लागून पाण्यात पडली. प्रियकर काठावर उभा राहून पाण्यावर येणारे बुडबुडे किती नाजूक ते बघतो, कारण त्याला पोहता येत नाही. पुढे एक कडवं आहे ते लहान मुलांच्या पुस्तकांत बहुधा नसतं. त्यात तो तिच्या धाकट्या बहिणीचा मुका घेतो आणि क्लेमेंटाइनला विसरून जातो. आता याला शोकगीत म्हणायचं?

त्या काळी अमेरिकेत घरोघरी पियानोवर मेलेल्या प्रेयसींची रडकी गाणी चालायची. हे त्यांचं विडंबन आहे. दरीतल्या पाण्याला गाण्यात खारं पाणी म्हटलंय, का, तर ‘माइन’, ‘नाइन’, ‘क्लेमेंटाइन’ला यमक ‘ब्राइन’ हवं होतं!

सराफ्यातला_भिया (इंदूर)

एक राहिलंच भिया. पडद्यावर ‘ये है बॉम्बे’ कोणावर आहे? जॉनी वॉकर. आणि तो कुठला? आपल्या इंदूरचा! खरं नाव बदरुद्दीन काझी. वडील इथल्या कापड गिरणीत होते, ते काम सुटलं म्हणून घर मुंबईला गेलं, तिथे हा बसमध्ये कंडक्टर झाला. इंदूर म्हटलं की सगळे लताबाईंच्या पुढे जातच नाहीत, म्हणून लिहिलं. बाकी चालू द्या, मी गराडू खायला चाललोय.

पानाफुलांची_वही (वडोदरा)

तबकडीकाका, १८८४ हे मूळ नाही हो. त्याआधी १८६३ मध्ये एच. एस. थॉम्पसन नावाच्या माणसाचं एक गाणं छापलं गेलं होतं. त्यातही नदीकाठची क्लेमेंटाइन आहे, बदकं आहेत, ठेच लागून पाण्यात पडणं आहे. पण ते वाचताना मला कसंसंच झालं. तेव्हा अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांच्या बोलीची टिंगल करत गायचे, त्या घाटाचं ते गाणं. तिच्या ओठांना बीफस्टेकची उपमा, केसांना बकरीच्या लोकरीची. म्हणजे विनोद होता तो बुडणाऱ्या मुलीवर कमी आणि ती ज्या लोकांतली दाखवली त्यांच्यावर जास्त. पुढे १८८४ च्या गाण्यात ती खाणवाल्याची मुलगी झाली, ते टोमणे गळाले, बदकं तेवढी राहिली.

म्हणून ‘विनोदीच आहे, हसा’ एवढं सोपं मला वाटत नाही. तुमच्या अण्णांना ऐकू न आलेले शब्द ऐकू न आले तेच बरं.

शिवाय चाल पुढे कुठे कुठे गेली बघा. चीनमध्ये लहान मुलं याच चालीवर नव्या वर्षाच्या शुभेच्छा गातात. जपानमध्ये क्योतोच्या विद्यापीठातल्या गिर्यारोहकांनी १९२० च्या दशकात तिच्यावर बर्फाळ डोंगरांचं गाणं बांधलं. आणि कोरियात, जपानी राजवट होती त्या काळात, तिच्यावर समुद्रकाठच्या झोपडीतल्या कोळी बापाचं आणि त्याच्या लेकीचं गाणं झालं. ते तिथे दुःखाचं म्हणूनच गातात, कुणी हसत नाही. तेव्हा अण्णा एकटे नाहीत, अख्खं कोरिया त्यांच्या बाजूला आहे.

जुनी_तबकडी (पुणे)

१८६३ चं मान्य. घाईत सुटलं. पण मग ज्याला छापील कर्ता आहे, तेही दोन दोन, त्याला सगळे म्हणतात तसं लोकगीत कसं म्हणायचं?

पानाफुलांची_वही (वडोदरा)

ज्याला जे कडवं नको ते गाळून लोक दीडशे वर्षं गातायत ना? मग झालं.

मंद्र_पंचम (इंदूर)

कोण कर्ता नि कोण नाही, हा वाद तुम्ही घाला. मी पेटीवाला माणूस, मला हे गाणं का टिकलं ते पेटीवर दिसतं. काळी एक धरा आणि वाजवा (खाली टिंब आहे ते मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर):

सा सा सा प़, ग ग ग सा, सा ग प प म ग रे
रे ग म म, ग रे ग सा, सा ग रे प़ नि़ रे सा

संपलं. कडव्यालाही हेच, धृपदालाही हेच. सगळे शुद्ध स्वर, मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत बरोबर एक सप्तक, कुणाचाही गळा फाटत नाही आणि कुणाचाही खाली अडकत नाही. सहा मात्रांत दादऱ्यासारखं डोलतं. आणि धैवत, म्हणजे ध, शोधून दाखवा! नाहीच.

हा धैवत नसणं माऊथ ऑर्गनवाल्यांसाठी फार मोलाचं. साध्या दहा घरांच्या बाजावर चौथ्या घरात फुंकलं की सा. त्याच्या खालचा मंद्र धैवत सरळ मिळतच नाही. तिसऱ्या घरात फुंकलं की मंद्र प, ओढलं (श्वास आत घेतला) की मंद्र नि, मधला ध हवा तर ओढताना स्वर वाकवायची कसरत. या गाण्याला तो लागतच नाही. तीन, चार, पाच, सहा, अशा चार घरांत अख्खं गाणं मावतं. गार्डसाहेबांनी नवशिक्याला हेच का दिलं ते यावरून कळावं. गाडी सिग्नलला थांबली असताना शिकवता येईल इतकं सोपं आहे.

हसायचं की रडायचं, तर लय ठरवते. हेच स्वर दुगुनीत घ्या, पोरं नाचतील. ठाय, म्हणजे संथ लयीत घ्या, शेवटच्या ओळीत ‘ग’ वरून ‘रे’ वर येऊन एकदम मंद्र पंचमात उडी आहे ना, तिथे काळजात हलतंच. अण्णा चुकीचं वाजवत नाहीत. फक्त एक कुतूहल म्हणून विचारा, त्यांना एवढं संथ कुणी शिकवलं?

रामबागेतली_सून (इंदूर)

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळे प्रतिसाद अण्णांना मोठ्याने वाचून दाखवले. धाकट्या बहिणीच्या मुक्याचं कडवं आलं तेव्हा चिनूला पाणी आणायला पाठवलं. कोरियाचं ऐकून अण्णा खूश. १८६३ चं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “गार्डसाहेबांना हे ठाऊक नसणार.”

मंद्र_पंचमदादा, तुमचा प्रश्न विचारला. आधी उडवून लावलं, मग माऊथ ऑर्गन कापडातून काढला. म्हणाले, गार्डसाहेब स्वतः पायाने ठेका धरून झपाझप वाजवायचे, चिनूच्या मॅमसारखंच. त्यांनी नवा घेतला तेव्हा जुना अण्णांना देऊन टाकला. त्या जुन्याचं तिसरं घर तेव्हापासून बसलेलं. फुंकलं की वाजतं, पण ओढायला गेलं की पत्ती आधी नुसती हवा सोडते, मग हळूहळू स्वर धरते. घाई केली की नि येतच नाही. अण्णांनी मला बोट ठेवून दाखवलं, शेवटच्या ओळीत तो नि नेमका ‘क्लेमेंटाइन’च्या ‘क्ले’ वर येतो. तिचं नाव घ्यायचं तर तिथे थांबावंच लागतं. आणि एका जागी थांबायचं तर बाकीचंही त्याच चालीने जायला हवं, नाहीतर गाडी धक्के खाते (त्यांचे शब्द).

मी म्हटलं, अहो मग साठ वर्षं सुतक लागलं ते पत्तीमुळे? तर हसले. अबोला सुटला. चिनूनेही फुंकून पाहिलं, त्याला तर तिसऱ्या घरातून फुस्स एवढंच आलं.

शुक्रवारी गॅदरिंग आहे. मॅमना विचारून अण्णा एक कडवं स्टेजवर वाजवणार आहेत, मग पोरांचा धप्प. मी म्हटलं, जेल रोडवरून नवीन माऊथ ऑर्गन घेऊन येते. म्हणाले, “आण. पण दुकानात तिसरं घर ओढून बघ. लगेच वाजलं तर घेऊ नकोस.”