बॅटरी काढली, वायर तोडली तरी गाडीचा अलार्म वाजत राहावा, यासाठी काय करावं?

प्रश्न:
सायरन बॉनेटमध्ये, बॅटरीला लागूनच आहे. कुणी बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह काढली की सगळंच गप्प. गाडी चावीची, मॅन्युअल गिअरची. सायरन बदलू की अलार्मला वेगळी बॅटरी देऊ?

उत्तर १:
आधी सायरन बदला. आतच छोटी बॅटरी असलेला सायरन मिळतो. त्याला कायमचा पॉझिटिव्ह, अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडायची वायर) आणि अलार्मकडून येणारी, वाजायला सांगणारी ट्रिगरची वायर लागते. पॉझिटिव्ह तुटला की तो आपणहून वाजतो. जुना सायरन मात्र काढू नका, आहे तिथेच चालू राहू द्या. चोराचा हात आधी त्याच्यावरच जाईल. नवा केबिनच्या बाजूच्या पत्र्याला, खोल बसवा. चाकाच्या कमानीतून खालून हात घालून पाहा; वायर बोटाला लागली तर जागा चुकली. तोंड खाली ठेवा, नाहीतर पाणी साचून आवाजाचा पडदा जातो.

इंजिनाच्या उष्णतेने आतली बॅटरी लवकर मरते आणि सायरन काही सांगत नाही. म्हणून सहा महिन्यांनी एकदा अलार्म लावून निगेटिव्ह काढून बघा. गाडी सर्व्हिसिंगला देताना सायरन त्याच्या चावीने बंद करायला विसरू नका.

उत्तर २:
सायरनइतकंच लक्ष बॉनेटच्या पिन स्विचकडे द्या; बॉनेट बंद असताना त्याची पिन दाबलेली राहते. बॉनेट साधारण एक सेंटिमीटर उचललं की, म्हणजे आत हात शिरायच्या आधी, अलार्म वाजला पाहिजे. चिखल-ग्रीसने पिन खालीच अडकते आणि अलार्मला बॉनेट बंदच वाटतं. पिन दाबून सोडा, झटकन वर आली पाहिजे.

वेगळी बॅटरी द्यायची तर फक्त अलार्मच्या युनिटला द्या, अलार्मबरोबर लुकलुकणाऱ्या इंडिकेटरचा करंट मुख्य बॅटरीवरूनच ठेवा. 21 वॅटचे चार दिवे म्हणजे 84 वॅट, जवळपास 7 अँपिअर; 1.2 एएचची (अँपिअर-तासाची) छोटी बॅटरी तेवढ्यात बसते. मुख्य पॉझिटिव्ह आणि युनिट यांच्यामध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच. तो नसेल तर छोटी बॅटरी सगळ्या गाडीला करंट पुरवत बसते.

उत्तर ३:
आवाज झाला तरी गाडी हलू नये, हेही बघा. स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचकडे) जाणारी बारीक वायर कापून त्यात 12 व्होल्ट, 40 अँपिअरचा पाच पिनांचा रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, टाका. रिलेच्या कॉइलवर 1एन4007 डायोड, त्याच्यावरची पट्टी पॉझिटिव्हकडे. पण मॅन्युअल गाडी ढकलूनही सुरू होते, त्यामुळे जोडीला इमोबिलायझर (इंजिनच चालू होऊ न देणारा) हवा. चालत्या गाडीत बंद पडेल असा कट गाडीच्या इंधन पंपावर कधीच टाकू नका.

प्रश्नकर्ता:
रिलेच्या 30 नंबरच्या पिनेबरोबर 87 घेऊ की 87ए?

उत्तर ३:
रिलेला करंट नसताना 30 ही 87ए ला जोडलेली असते, करंट मिळाला की 87 ला. 87ए घेतला तर अलार्मचं युनिट उपटल्यावर रिले सुटतो आणि स्टार्टर पुन्हा जोडला जातो, चोराला हवं तेच. 87 घ्या: अलार्म लावलेला नसेल तेव्हाच रिले ओढेल असं जोडा, म्हणजे युनिट काढलं तरी स्टार्टर तुटलेलाच. तोटा असा की युनिट बिघडलं तर तुम्हीही अडकाल; म्हणून एक लपवलेला बायपास स्विच ठेवा.

उत्तर २:
आणि रंगीत वायरी तशाच लोंबू देऊ नका. गाडीच्या मूळ हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) घालून काळी कापडी टेप गुंडाळा. युनिट स्टिअरिंगखालून काढून डॅशबोर्डच्या आत खोल न्या, आणि व्हॅले बटणाचीही (अलार्म तात्पुरता बंद ठेवायच्या बटणाची) जागा बदला. बहुतेक बसवणारे ते स्टिअरिंगखालीच चिकटवतात.