क्लायमेट चेंज आणि आरोग्य, एमबीबीएसच्या पोरांना शिकवायचं कसं?

पीएसएमवाला_विदर्भ
नमस्कार मंडळी, मी कम्युनिटी मेडिसिनला (म्हणजे पीएसएम, सार्वजनिक आरोग्याचा विषय) असिस्टंट प्रोफेसर आहे. यंदा हा विषय माझ्या गळ्यात पडलाय, एक लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल एवढाच वेळ. आधीच्यांची पीपीटी बघितली तर वितळणारा बर्फ, पांढरं अस्वल, मग डेंग्यू-मलेरियाची एक स्लाईड आणि शेवटी झाडं लावा. मागच्या बाकावरची पोरं तेवढ्यात पीजी एंट्रन्सचे एमसीक्यू सोडवून मोकळी होतात, आणि त्यांना तरी काय बोलणार. उद्या इंटर्नशिपला पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेल्यावर कामाला येईल असं यात काय घालू?

कॅज्युअल्टी_नाईट
सर आधी ते अस्वल काढा 😄 आणि अख्खं प्रॅक्टिकल हीटस्ट्रोकवर घ्या. तापलेला पेशंट आला की आपली इंटर्न मंडळी पॅरासिटामॉलचं आयव्ही लावतात आणि मलेरियाची स्लाईड पाठवतात. अरे पण इथे मेंदूचा थर्मोस्टॅट वर गेलेलाच नाही, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाहीये, मग पॅरासिटामॉल करणार काय? आतलं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर, पेशंट बरळतोय किंवा झटके येतायत, उन्हात काम करत होता, की लगेच थंड करायला घ्यायचं, रिपोर्टची वाट बघायची नाही. आणि काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो कमी दाखवतो, रेक्टल (गुदद्वारातून) घ्यायला शिकवा. पोरं लाजतात, पण शिकवा.
बाथटब आपल्याकडे कुठून येणार, तर साधी ताडपत्री घ्यायची, चौघांनी कडा उचलून धरायच्या, पेशंट मध्ये, वरून बर्फाचं पाणी ओतायचं आणि झोळीसारखं हलवत राहायचं. 39 च्या आसपास आला की थांबायचं. रेफर करायचं असलं तरी आधी थंड, मग ॲम्ब्युलन्स. एकदा हाताने केलं की पोरं विसरत नाहीत.

ट्यूटर_ताई
मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींना शिकवते. सरांचं बरोबर आहे पण कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत उशीर झालेला असतो ना. आमच्या मुलींना मी हिस्टरीत चार प्रश्न जास्तीचे विचारायला लावते, घर पत्र्याचं आहे का, दुपारी काम कुठे असतं, कामाच्या जागी पाणी आणि संडास आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत. संडासचं विचारल्यावर कळतं की बऱ्याच बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, जायला जागा नाही म्हणून. मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, सगळ्यांची तीच गत. आणि गोळ्यांचं म्हणजे बीपीची लघवीची गोळी, मानसिक आजाराची औषधं, यांच्यावर असलेल्या माणसाला ऊन लवकर बाधतं. तुमच्या पोरांनी फॅमिली अडॉप्शनमध्ये (एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाचाच भाग) गावातली घरं दत्तक घेतलेली असतात ना सर, तिथेच एप्रिलच्या दुपारी पाठवा (टोपी-पाणी देऊन हो!), भिंतीवर लावायचा थर्मामीटर न्यायचा, घरातलं आणि बाहेरचं तापमान लिहून आणायचं. इन्सुलिन कुठे ठेवलंय तेही बघायचं. फ्रीज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माठात ठेवायला तिथल्या तिथे शिकवायचं.

भूलतज्ज्ञ_पुणे
दवाखानेही हवा बिघडवतात हे पण सांगा की. डेसफ्लुरेन हा भुलीचा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या 2500 पट तापवतो, स्कॉटलंडने 2023 मध्ये तो वापरातून काढला.

कॅज्युअल्टी_नाईट
@भूलतज्ज्ञ_पुणे मॅडम राग मानू नका, पण आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) डेसफ्लुरेनची बाटली कोणी पाहिलेली नाही. ते पीजीला शिकवा, युजीच्या (एमबीबीएसच्या) एका तासात नको.

भूलतज्ज्ञ_पुणे
मान्य. पण इन्हेलरचं तर युजीलाही लागू आहे, दम्याच्या फुसफुसणाऱ्या पंपात एचएफसी हा हवा तापवणारा गॅस असतो आणि कॅप्सूलवाल्या रोटाहेलरमध्ये नसतो. ज्याला जोरात श्वास ओढता येतो त्याला रोटाहेलर चालतो, वर स्वस्तही पडतो. एका वाक्याचं काम आहे.

इंटर्न_भाऊ
सर खरं सांगू का, परीक्षेला येत नाही ते आम्ही वाचत नाही. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक स्टेशन ठेवा, डेथ सर्टिफिकेट भरायचं. उन्हात शेतात पडलेला म्हातारा, आधीपासून हार्टचा पेशंट. सगळे कार्डिॲक अरेस्ट लिहून मोकळे होतात, उष्णतेचं नावच येत नाही, मग सरकारी आकड्यात तो माणूस उन्हाने मेलेला नसतोच. 2019 पासून केंद्राचा क्लायमेट आणि आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, उष्माघाताची माहिती पोर्टलवर भरतात, हे मला पीएचसीत पोस्टिंग लागल्यावर डेटा ऑपरेटरकडून कळलं, कॉलेजात नाही.

पीएसएमवाला_विदर्भ
वा, हे झकास. मग लेक्चरमध्ये ताईंचे चार प्रश्न आणि सर्टिफिकेट, प्रॅक्टिकलला ताडपत्री, इन्हेलरचं वाक्य जाता जाता. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा आजार) आणि पुरातले सर्पदंश कोकण-कोल्हापूरवाल्यांनी घ्यावेत, आमच्याकडे ऊनच पुरेसं आहे. आता ताडपत्रीचा इंडेंट (मागणीपत्र) टाकतो, स्टोअरमधून पुढच्या पावसाळ्यापर्यंत येईल 🙏

इंटर्न_भाऊ
इंडेंट कशाला सर, बॅचमध्ये निम्मी शेतकऱ्यांची पोरं आहेत, ग्रुपवर मेसेज टाका, सोमवारी चार येतील.

कॅज्युअल्टी_नाईट
बर्फाचं मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा.