वाफेवर फिरणाऱ्या शहरात आगवाले कुठे असतात?

धागाकर्ता:
पर्यायी इतिहासाच्या कथांमधली वाफेवर चालणारी अजस्र शहरं मला मनापासून आवडतात. पण त्यांत धुराडी दिसतात, दातेरी चाकं दिसतात. भट्टीत कोळसा लोटणारा माणूस बहुधा दिसतच नाही. टायटॅनिकला 29 बॉयलर होते आणि दिवसाला 600 टनांच्या आसपास कोळसा लागायचा, तोही फावड्याने. ते जहाज निदान पाण्यावर तरंगत होतं. अख्खं शहर जमिनीवरून हलवायचं तर किती भट्ट्या, किती पाळ्या? ब्रिटिश आगबोटींच्या पोटात हे काम हजारो हिंदुस्थानी आगवाल्यांनी केलं. त्यांना वगळून रंगवलेलं वाफेचं जग मला खोटं वाटतं.

प्रतिसाद 1:
असहमत. ड्रॅगन रोज किती बकरे खातो, हे आपण विचारतो का? सकाळी खिडकी उघडली की समोर वेगळाच डोंगर, एवढी कल्पना मला पुरते. कोळशाचा हिशेब मांडत बसलं तर अद्भुत उरणारच नाही.

प्रतिसाद 2:
उलट, हिशेबातूनच अद्भुत निघतं. फिलिप रीव्ह यांच्या 2001 सालच्या 'मॉर्टल एंजिन्स'मध्ये (तो भविष्यकाळ आहे, पण जातकुळी हीच) फिरतं लंडन लहान गावांना पकडून गिळतं, कारण त्याला भंगार आणि इंधन हवं असतं. शहराची भूक हेच तिथलं राजकारण.

प्रतिसाद 3:
कोळशाआधी पाण्याचं बोला. वजनाची अडचण नाही. जर्मनीच्या खाणीतलं बॅगर 293 हे यंत्र 14,200 टनांचं आहे आणि रणगाड्याला असतात तशा पट्ट्यांवर सरकतं. वीज मात्र बाहेरून घेतं. जहाजाला वाफ थंड करायला समुद्र असतो. रेल्वे इंजिन वाफ धुराड्यातून सोडून देतं, म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागतं. असं शहर नदी सोडून जाऊच शकणार नाही.

प्रतिसाद 4:
जाऊ शकेल. दक्षिण आफ्रिकेत कारूच्या कोरड्या मुलखासाठी 1950 च्या दशकात '25 क्लास'ची इंजिनं आणली होती. वापरलेली वाफ टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) थंड करून ते पाणी पुन्हा बॉयलरला द्यायची. पाणी भरपूर वाचलं, पण देखभाल इतकी किचकट की पुढे ती यंत्रणा बहुतेक इंजिनांवरून काढून टाकली.

धागाकर्ता:
म्हणजे पाणी वाचवायला फिटरांची फौज लागणार. माणसं पुन्हा आलीच! प्रतिसाद 1, ड्रॅगन स्वतःच्या पंखांनी उडतो, शहर कोणीतरी राबून चालवतं. आगवाल्यांनी शत्रूच्या मुलखात संप पुकारला तर? अशी कथा कोणी लिहिली असेल तर नाव सांगा, मला आजच वाचायची आहे.