ग्रॅनाइटच्या कोरड्या उतारावरील मुरमाड माती: खोली नेमकी कुठपर्यंत मोजावी?

उतारवाट:
नमस्कार. एका कोरड्या ग्रॅनाइटी डोंगराच्या उतारावर मातीच्या नोंदी घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. उतार ३५ ते ४० टक्के आहे. सहा खड्डे खोदले आणि सहाही ठिकाणी जवळपास एकच चित्र दिसले: वर बोटभर जाडीची सैल खडी, तिच्याखाली सुमारे ३५ सेंटिमीटरपर्यंत तपकिरी, वाळूमिश्रित मुरमाड माती, आणि त्यानंतर कुदळ पुढे जात नाही. नमुना चाळला तर वजनाने साधारण ६० टक्के माल २ मिलिमीटरच्या चाळणीवरच राहतो. ‘खोली ३५ सेंटिमीटर, खाली कातळ’ अशी नोंद करून मी मोकळा झालो होतो. पण खड्ड्यापासून दहा पावलांवर, दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाहीत अशा बुंध्यांची जुनी झाडे उभी आहेत आणि कोरड्या ऋतूच्या अखेरीसही ती हिरवी असतात. एवढ्याशा मातीवर ती जगतात कशी? शिवाय या मातीत वरपासून खालपर्यंत वेगळे थर दिसत नाहीत, त्याचे कारण काय? आणि याच उतारावर सलग समतल चर खोदण्याचा प्रस्ताव आहे, तो योग्य ठरेल का?

गारगोटी:
कुदळ पुढे जात नाही म्हणजे ती खणखणली की धप्प आवाज करून थोडी रुतली, हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळे उत्तर तिथेच अडले आहे.

ग्रॅनाइट वरून खाली एकसारखा कुजत नाही. त्यातले काळे अभ्रक आधी बिघडते: पाणी शिरले की त्यातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते, पापुद्रे फुगतात आणि आजूबाजूचे कण आतून एकमेकांपासून सुटू लागतात. फेल्स्पारची, म्हणजे ग्रॅनाइटमधल्या फिकट खनिजाची, चिकणमाती होण्यापूर्वीच खडक असा दाणेदार मोकळा होतो आणि क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे कठीण खनिज, तर तसेच्या तसे उरते. म्हणूनच बेसाल्टच्या मुरमाची सवय असलेल्यांना हा मुरूम चकवतो. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ नसल्यामुळे तो शेवटी चिकण मातीकडे जातो. ग्रॅनाइटचा मुरूम मात्र, विशेषतः कोरड्या हवेत, खडी आणि जाड वाळू याच अवस्थेत फार मोठा काळ राहतो.

खड्ड्याच्या तळाचा एक तुकडा हातात घेऊन पाहा. ताज्या खडकात फेल्स्पारचे पृष्ठ चकाकते. कुजलेल्या तुकड्यात ते दुधाळ आणि निस्तेज होते, नखाने खरवडले तर पिठासारखे सुटते, आणि अभ्रकाच्या प्रत्येक ठिपक्याभोवती गंजाची तांबूस कडा दिसते. खडकाची मूळ ठेवण जशीच्या तशी दिसत असते, त्यामुळे डोळ्यांना तो कातळच वाटतो, पण मूठ आवळली की चुरा होतो.

आता पाण्याचा हिशेब. वजनाने ६० टक्के खडी म्हणजे आकारमानाने ६० टक्के नव्हे. खडीची घनता सुमारे २.६५ आणि बारीक मातीची १.४ धरली तर खडीचा वाटा ४४ टक्क्यांच्या आसपास येतो. उरलेल्या ५६ टक्के बारीक मातीत झाडाला घेता येईल असे पाणी आकारमानाच्या एक दशांश मानले, तर ३५ सेंटिमीटरमध्ये वाफशाला जेमतेम २० मिलिमीटर पाणी साठते. रोज ५ मिलिमीटर उडते म्हटले तर ही चार दिवसांची शिदोरी झाली, आणि त्यावर मोठे झाड कोरडा ऋतू काढू शकत नाही. उलट, खालच्या कुजलेल्या खडकात असे पाणी शेकडा ५ इतकेच धरले, तरी २ मीटर जाडीत १०० मिलिमीटर साठा होतो. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत ग्रॅनाइटवरील पाइन वृक्षांच्या अभ्यासात नेमके हेच आढळले आहे: वरची माती सुकल्यावर झाडे खालच्या कुजलेल्या खडकातील ओलाव्यावर तगतात.

चाळणीवाला:
गारगोटी यांच्या हिशेबात एक अडचण आहे, आणि ती चाळणीची आहे. कुजलेल्या ग्रॅनाइटची खडी हातानेही फुटते. एकाने नमुना हलक्या हाताने चाळला आणि दुसऱ्याने खलबत्त्यात रगडून चाळला, तर एकाच खड्ड्याचे दोन अगदी वेगळे आकडे मिळतात. ढेकळे रबरी किंवा लाकडी दांड्याने, दाणे न चिरडता फोडावीत आणि कशी फोडली ते नोंदवावे. शिवाय सडलेली खडी स्वतःही थोडे पाणी धरते, तेव्हा तिला शून्य मानल्याने आपला २० चा आकडा थोडा कमीच आला असावा. प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब मोजताना उलटा घोटाळा होतो: चाचणी फक्त बारीक मातीची होते आणि तो आकडा संपूर्ण खोलीला लावला की साठा जवळपास दुप्पट दिसतो.

वर्गीकरणाच्या दृष्टीने खालचा थर कातळ आहे की कुजका खडक, यावर नाव बदलते. अमेरिकी पद्धतीत ५० सेंटिमीटरच्या आत कठीण, सलग कातळ लागला तर मातीच्या उपगटाच्या नावाला ‘लिथिक’ (कातळावरची) हे विशेषण लागते. पहारीने उकरता येणारा कुजका खडक लागला तर त्याला ‘पॅरालिथिक’ संपर्क म्हणतात आणि ते विशेषण लागत नाही. आकारमानाने ३५ टक्क्यांहून अधिक खडी असल्यामुळे ‘स्केलेटल’ (खडीबहुल) हा शब्द मात्र दोन्हीकडे येईल. जागतिक पद्धतीत लेप्टोसोल, म्हणजे फार उथळ किंवा फार खडकाळ माती, म्हणायला सलग कातळ २५ सेंटिमीटरच्या आत हवा, किंवा ७५ सेंटिमीटरपर्यंत बारीक माती सरासरी २० टक्क्यांहून कमी हवी. आपली माती बहुधा रेगोसोलमध्ये, म्हणजे वेगळे थर न बनलेल्या सुट्या मातीच्या गटात, जाईल.

थरांचे कारण सरळ आहे. चिकणमाती तयार व्हायला आणि ती खाली वाहून साचायला पाणी लागते व स्थिर पृष्ठभाग लागतो. कोरड्या, तीव्र उतारावर दोन्ही नाहीत. जेवढे तयार होते तेवढे घसरून जाते. एखाद्या सपाटशा सोंडेवर २० सेंटिमीटरवर तांबूस, दाण्यांवर चिकणमातीचे लेप असलेला थर सापडला, तर तेवढा तुकडा फार काळ हललेला नाही असे खुशाल समजा.

बांधबंदिस्ती:
चरांबाबत मी आशावादी आहे. उतारावर पाणी अडवले की ते मुरते, आणि माती उथळ असल्यामुळे ते अडवण्याची गरज अधिक आहे.

गारगोटी:
बांधबंदिस्ती यांच्याशी या मातीपुरता मी असहमत आहे. वर सैल पडलेली खडी थेंबांचा मार झेलते, बाष्पीभवन कमी करते आणि पाणी झरझर खाली सोडते. अशा उतारावर पाणी पृष्ठभागावरून वाहण्याचा प्रश्न सहसा नसतो. ही खडी मातीच्या पृष्ठभागावरच्या कडक पापुद्र्यात रुतून घट्ट बसलेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पाणी वाहते, म्हणून ते आधी पाहावे. खाली कुजका खडक असेल तर पाणी तसेही मुरते आहे. खाली कठीण कातळ असेल तर चरात साठलेले पाणी कातळावरून सरकते आणि वरची पातळ माती त्याच्यासोबत निघते. त्यात चराचा उभा काठ हा सुटा मुरूमच असल्याने कोरडा असतानाही दाण्यादाण्याने ढासळत राहतो आणि चर भरतो. अमेरिकेतील इडाहो बॅथोलिथ या विस्तीर्ण ग्रॅनाइटी पट्ट्यात लाकूडतोडीसाठी उतार कापून रस्ते केले होते. १९६४-६५ च्या वादळी पावसांत त्या कापांतून सुटलेली वाळू साल्मन नदीच्या दक्षिण शाखेत उतरली आणि माशांच्या अंडी घालण्याच्या जागा गाडल्या गेल्या. चर म्हणजे रस्ता नव्हे हे मान्य, पण ही माती उभा काप सहन करत नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे. वरची खडी आणि झुडपे न हलवणे हेच मला इथले सर्वांत मोठे काम वाटते.

उतारवाट:
सर्वांचे आभार. काल पहार घेऊन पुन्हा गेलो. चार खड्ड्यांत पहार धप्प आवाज करत आणखी ७० ते ९० सेंटिमीटर उतरली. तिथल्या भेगांत मुळे कागदासारखी चपटी होऊन पसरलेली दिसली आणि तुकडे हाताला किंचित ओलसर लागले. उरलेल्या दोन खड्ड्यांत मात्र पहार ३६ सेंटिमीटरवरच खणखणली, आणि त्यांच्या आसपास मोठे झाड एकही नाही, हे माझ्या आता लक्षात आले. नोंदवहीत ‘मातीची खोली’ आणि ‘मुळांना जाता येईल अशी खोली’ असे दोन रकाने केले आहेत. चरांचा प्रस्ताव या दोन खड्ड्यांच्या पट्ट्यातून तरी काढून टाकावा असे कळवतो आहे. उरलेल्या उतारासाठी वरची खडी सैल आहे की रुतलेली, हे पुढच्या फेरीत पाहीन.